क्लिकचा बाप कोण? : फोटॉन-मोजणीच्या वहीतली काही पानं

१४ मे २०२४, फोंडा (गोवा)

टेम्पो दुपारी दीडला आला, नेमका जेवणाच्या वेळी. पेटीवर तीन ठिकाणी ‘उभी ठेवा’ लिहिलेलं आणि पेटी आडवी. आत एका मित्राच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं राबलेला कोल्ड हेड (हेलियम वापरून अतिथंड करणारं यंत्र), त्याचा कॉम्प्रेसर आणि हेलियमच्या दोन लवचीक नळ्या. नव्या सामानाची किंमत पाहिल्यावर मी जुन्यावर समाधान मानलं होतं. गेजवर हेलियमचा दाब शाबूत दिसला तेव्हा कुठे घास गिळला.

काम थोडक्यात : अतिवाहक, म्हणजे थंडीत रोध शून्य होणाऱ्या, तारेने एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) मोजणारा खोका उभा करायचा आणि तो चालवणारी दोन माणसं तयार करायची. दुसरं जास्त अवघड आहे. वहीत खरी नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, तेव्हा एक काणकोणवाला आणि एक सत्तरीवाली. तो पीएच.डी.ला, ती एम.एस्सी.च्या प्रकल्पाला.

आज फळ्यावर सांगितलं ते उतरवून ठेवतो. तार नायोबियम नायट्राइडची, ५ नॅनोमीटर जाड, १०० नॅनोमीटर रुंद, नागमोडी वळवून १० बाय १० मायक्रोमीटरच्या चौकोनात बसवलेली. अर्धी जागा तार, अर्धी मोकळी, म्हणजे सरळ केली तर लांबी अर्धा मिलिमीटर. ती थंड करून अतिवाहक करायची आणि तिला सोसेल त्याच्या जरासा खाली इतका प्रवाह सोडून ठेवायचा. एक फोटॉन आदळला की तेवढ्या ठिपक्यातली अतिवाहकता मोडते. उरलेल्या वाटेत प्रवाह मावत नाही, मग तारेची सगळी रुंदीच तिथे क्षणभर साध्या धातूसारखी होते. अडथळा उभा राहिला की प्रवाह बाहेर ५० ओहमच्या ॲम्प्लिफायरकडे पळतो. ती आपली क्लिक. तार पुन्हा निवते, प्रवाह परत येतो. सगळा खेळ काही दशक नॅनोसेकंदांचा.

सत्तरीवालीने विचारलं, “सर, पण क्लिक फोटॉननेच केली हे कळतं कसं?” म्हटलं, पुढचे सहा महिने तेवढंच करायचं आहे.

२३ मे

कॉम्प्रेसर पाण्यावर थंड होतो. पाणी कॉलेजच्या विहिरीचं, आणि विहीर चिऱ्यात खोदलेली. चार तासांत फिल्टर लाल झाला. बाहेर काढून धुतला तर शिकेकाई लावल्यासारखं पाणी. आता बंद फेऱ्यातलं शुद्ध पाणी आणि छोटा चिलर. कुंडईच्या वसाहतीत एक मेस्त आहेत, पितळेचं काम करतात. त्यांना जोडणीचं चित्र काढून दिलं. त्यांनी चित्र बाजूला ठेवलं, जुना तुकडा मागितला, बोटांनी चाचपला आणि म्हणाले, “परवा या.”

४ जून

१९२४ साली याच तारखेला ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनना पत्र धाडलं होतं. फोटॉन मोजायचे कसे याचाच हिशोब त्यात होता. आज बरोबर शंभर वर्षं. प्रयोगशाळेत साजरं करायला म्हणून भजी आणली, आणि मी एक मोठी चूक केली.

चूक अशी. बाहेर पाऊस धो धो. काणकोणवाल्याला चिप कुठे बसते ते दाखवायचं म्हणून मी क्रायोस्टॅटचं, म्हणजे तार थंड ठेवणाऱ्या निर्वात भांड्याचं, झाकण उघडलं. पाच मिनिटं म्हणता म्हणता पाऊण तास गेला. आतल्या उष्णतारोधक चांदीच्या कागदाचे थरावर थर असतात. त्या प्रत्येक थराने गोव्याची हवा पोटभर पिऊन घेतली असणार.

चिप मात्र नीट दाखवली. ती कुलपाच्या भोकाच्या आकारात कापलेली आहे : वर गोल टिकली, खाली दांडी. टिकली टेलिफोनच्या फायबरला लागणाऱ्या साध्या चिनीमातीच्या बाहीत घट्ट बसते आणि तारेचा चौकोन आपोआप फायबरच्या गाभ्यासमोर येतो. फायबरमधल्या प्रकाशाचा ठिपकाही साधारण १० मायक्रोमीटरचाच. पूर्वी हे जुळवायला आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली दिवस दिवस घालवायचो, आणि थंड केल्यावर सगळं आकसून सरकायचं ते सरकायचंच. मला विचाराल तर या क्षेत्रातली सगळ्यात मोठी करामत हा कुलपाचा आकार आहे. त्यावर टाळ्या पडत नाहीत एवढंच.

५ ते १० जून

पंप चालू. निर्वात होत नाही. दाब एका ठिकाणी येऊन बसतो, हलत नाही. गळती शोधली, गळती नाही. पाणीच आहे.

११ जून

कोरडा नायट्रोजन भरला, काढला, भरला, काढला. बाहेरून ६० अंशांपर्यंत हलकं तापवलं. सातव्या दिवशी दाब उतरला. झाकणावर कागद चिकटवला : ‘पाऊस असताना उघडू नये. सरांनीसुद्धा.’ अक्षर सत्तरीवालीचं.

२४ जून

सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. काणकोणवाला विहिरीत उड्या मारायला गेला आहे, डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घातलेला फोटो आला. मी आणि सत्तरीवाली दोघंच. दिवस शांत म्हणून कोल्ड हेड चालू केला. त्याचा आवाज सेकंदाला साधारण एकदा, चक्-फुस्स, चक्-फुस्स. अर्ध्या तासाने ऐकू येईनासा होतो आणि घरी गेल्यावर पुन्हा ऐकू येतो.

तारेचा रोध लिहीत बसलो. खोलीच्या तापमानाला सुमारे अडीच मेगाओहम. थंड होऊ लागली तसा रोध वाढायला लागला. सत्तरीवालीचा चेहरा उतरला. पुस्तकात धातूचा रोध थंडीत कमी होतो. तिला वाटलं, तार तुटतेय. नायोबियम नायट्राइडचा इतका पातळ थर उलटा वागतो. त्यातले इलेक्ट्रॉन मुळातच अडखळत चालणारे. तीन मेगाओहमपर्यंत चढला आणि साडेनऊ केल्व्हिनच्या (उणे २६४ अंश सेल्सिअसच्या) आसपास आकडा एकदम कोसळला. मीटरवर शून्य. तिने मीटरची तार हलवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

१९११ साली लायडेनमध्ये कामरलिंग ओनेस यांच्या पाऱ्याचा रोध ४.२ केल्व्हिनला असाच नाहीसा झाला, तेव्हा त्यांच्याकडेही आधी शॉर्ट सर्किटचाच संशय घेतला गेला होता. तेव्हा तार हलवून पाहणं ही जुनी आणि चांगली सवय आहे.

शेवटी २.७ केल्व्हिन. रात्री घरी जाताना फोंड्याच्या बाजारात पातोळ्यांसाठी हळदीची पानं आली आहेत का पाहिलं. अजून नाहीत.

८ जुलै

पहिली खरी क्लिक.

तार २२ मायक्रोअँपिअरपर्यंत टिकते, त्यावर ती पूर्ण साधी होते. १८ वर ठेवली. हिशोब सरळ : २० मायक्रोअँपिअर गुणिले ५० ओहम म्हणजे १ मिलिव्होल्ट, आपल्या बाबतीत त्याहून जरा कमी. दोन ॲम्प्लिफायर लावले तेव्हा ऑसिलोस्कोपवर उभा कडा आणि मागे हळू उतरणारी शेपटी दिसली. शेपटी मोजली, नऊ नॅनोसेकंदांच्या आसपासचा काळ निघाला. तारेचं गतिज प्रेरकत्व (तिच्यातल्या प्रवाहाच्या जडत्वाचं माप) सुमारे ४५० नॅनोहेन्री, त्याला ५० ओहमने भागलं तर ९. आकडे असे जुळले की मी सहसा गप्प बसतो. आज शिट्टी वाजवली.

काणकोणवाला म्हणाला, मग ५० च्या जागी ५०० ओहम लावू, दहापट जलद होईल. लावून बघ म्हटलं. तार लटकली. प्रवाह इतक्या लवकर परत आला की गरम ठिपका निवायला वेळच मिळाला नाही, मग तो गरमच राहिला आणि क्लिका बंद. प्रवाह शून्यावर आणून पुन्हा चढवावा लागला. हे सांगून पटत नाही, एकदा लटकवूनच पटतं.

१० जुलै

तीनदा करंट गेला. तिसऱ्या वेळी चिप बसते ती थंड थाळी चार मिनिटांत ६ केल्व्हिनच्या वर. शेजारच्या इमारतीतून मोडीत काढायला ठेवलेला यूपीएस उचलून आणला. त्याच्या बॅटऱ्या बदलायला प्रकल्पाच्या पैशातून खर्च दाखवायचा कसा, हा प्रश्न लेखा विभागाकडे. उत्तर आलेलं नाही.

१९ जुलै

आजची नोंद लांब आहे, कारण आज मजा आली.

लेझर बंद, तरी सेकंदाला ४,२०० क्लिका. अपेक्षा काहीशेची. ‘क्लिकचा बाप कोण?’ हे मी वर्गात म्हणतो ते आता दोघंही म्हणायला लागले आहेत, आणि मला चिडवायला म्हणतात.

पहिला संशयित : विजेचा गोंगाट. चिलरची मोटर, एसी, कॉम्प्रेसर. तपासायची रीत सोपी. तारेतला प्रवाह शून्य केला. गोंगाट ॲम्प्लिफायरमध्ये बाहेरून शिरत असेल तर क्लिका चालूच राहायला हव्यात. सगळ्या थांबल्या. म्हणजे क्लिका तारेतूनच येत होत्या.

दुसरा संशयित : तार स्वतःच, जास्त प्रवाहामुळे, कुठल्या तरी अरुंद जागी. प्रवाह १८ वरून १५ वर आणला. तारेच्या अंगच्या क्लिका प्रवाहाबरोबर झपाट्याने घटतात. या जेमतेम घटल्या. म्हणजे बाहेरून काहीतरी आदळत होतं.

मग काणकोणवाल्याने प्रत्येक क्लिकची वेळ नोंदवली आणि सगळ्या वेळा २० मिलिसेकंदांच्या घडीत एकावर एक रचल्या. पडद्यावर दोन गुबगुबीत उंचवटे उभे राहिले, दोन्ही सारखे. २० मिलिसेकंदात दोन, म्हणजे सेकंदाला १००. आपली वीज ५० हर्ट्झची. चोक असलेली जुनी ट्यूब प्रत्येक फेऱ्यात दोनदा उजळते. ट्यूबलाइट!

पण खोलीतली ट्यूब बंद होती. आम्ही तिघं अंधारात बसलो होतो.

अर्धा तास गेला. मग सत्तरीवाली उठली, कोपऱ्यातली स्वतःची काळी छत्री उघडली आणि फायबरच्या पिवळ्या केबलवर धरत भिंतीच्या दिशेने चालू लागली. मी विचारणार होतो, तेवढ्यात मोजणी उतरली. भिंतीजवळ नाहीच. भिंतीच्या पलीकडे! लेझर शेजारच्या खोलीत आहे, केबल भोकातून तिकडे जाते, आणि तिथे शिपाईमामा ट्यूब लावून पेपर वाचत होते. पिवळं आवरण डोळ्यांना अपारदर्शक दिसतं. एकेक फोटॉन मोजणाऱ्याला ते मच्छरदाणीसारखं आहे. गाभ्यात शिरायला लाखात एकाला जमलं तरी पुरतं, कारण ट्यूबमधून बाहेर पडणाऱ्यांना गणती नाही.

मामांना ट्यूब बंद करायला सांगितली. सेकंदाला ९००. ते म्हणाले, “म्हजो उजवाड तुमकां मेजता?” हो मामा, तुमचाच उजेड मोजत होतो.

२ ऑगस्ट

सगळ्या केबलला काळा कागद गुंडाळला. ६१०. त्याखाली जाईना. क्रायोस्टॅटच्या आत फायबर सोडवून तोंड बंद केलं तर १२. म्हणजे जवळजवळ ६०० क्लिका फायबरमधूनच येतात, पूर्ण अंधारातही.

हा बाप ओळखीचा. खोलीच्या तापमानाची प्रत्येक वस्तू अवरक्त प्रकाश टाकते. भिंत, टेबल, आम्ही. तो मुख्यतः १० मायक्रोमीटरच्या आसपास असतो, पण त्याची बारीक शेपटी १.५ ते २ मायक्रोमीटरपर्यंत पोचते आणि फायबर ती इमाने इतबारे आत आणून सोडतं. उपाय जुना : थंड टप्प्यावर, ४० केल्व्हिनला, फायबरचे छोटे वेटोळे घालायचे. आवळून वळवलेल्या फायबरमधून लांब तरंगलांबी आधी निसटते, १५५० नॅनोमीटर बराचसा टिकून राहतो. ३० मिलिमीटर व्यासाचे वेटोळे घातले.

त्यासाठी क्रायोस्टॅट उघडावा लागला. कागदावरची सूचना पाळून दोन कोरड्या दिवसांची वाट पाहिली. ऑगस्टमध्ये फोंड्यात दोन कोरडे दिवस सलग मिळणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच ठाऊक.

१४ ऑगस्ट

७०. छान.

५ ते ११ सप्टेंबर

चवथ (गणेश चतुर्थी). प्रयोगशाळा बंद, कोल्ड हेड बंद. गावी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला यंदा माझी पाळी. कांगलां, माट्टुटी, घागऱ्यो. रानातली फळं आता विकत आणावी लागतात.

१२ सप्टेंबर

डिटेक्टरची कार्यक्षमता १०८ टक्के.

दोघं आनंदाने नाचायचेच बाकी होते. मी म्हटलं, शंभर फोटॉन पाठवले आणि एकशे आठ मोजले, तर आठ कोणी घातले?

पद्धत लिहून ठेवतो, इथेच सगळे फसतात. १५५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. १ मायक्रोवॅट प्रकाशात असे फोटॉन सेकंदाला ७.८ लाख कोटी. आपल्याला हवेत १ लाख. म्हणजे जवळजवळ ७९ डेसिबलने प्रकाश मारायचा (दर १० डेसिबलला दहावा हिस्सा उरतो). इतका मारलेला प्रकाश कुठल्याही साध्या पॉवरमीटरला दिसत नाही. म्हणून तीन क्षीणक (प्रकाश मंद करणारे) एकेक करून मोजायचे, त्यांची बेरीज करायची आणि मग तिन्ही एकदम लावायचे. तिन्ही एकदम कधीच मोजले जात नाहीत. त्या बेरजेवर विश्वास ठेवावा लागतो, आणि त्या विश्वासातच सगळी पापं लपतात.

१३ सप्टेंबर

पाप माझं निघालं.

पॉवरमीटरवर मूळ प्रकाश मोजताना फायबरची जोडतार मी लावली होती. नंतर तीच तार डिटेक्टरला लावण्याआधी सत्तरीवालीने सवयीप्रमाणे टोक पुसलं. पुसण्याआधीच्या टोकाचा फोटो तिने ठेवला होता (ती सगळ्याचे फोटो ठेवते). सूक्ष्मदर्शकाखाली गाभ्यावर तेलकट ढग, आणि ढगात अंगठ्याच्या रेषा. त्या दिवशी मी आईने दिलेला नेवऱ्यांचा डबा टेबलावर उघडला होता. तुपातल्या नेवऱ्या. म्हणजे मीटरला प्रकाश तुपातून गेला आणि डिटेक्टरला स्वच्छ टोकातून. २.३ डेसिबलचा फरक.

दुरुस्त केलेला आकडा ६४ टक्के. मीटरची स्वतःची चूक धरून तीनेक टक्के इकडे-तिकडे. जुन्या चिपला हे फार चांगलं आहे.

टेबलावर खाणं बंद. हा कागद मी लिहिला.

१५ ऑक्टोबर

अनुदानाच्या प्रगती अहवालात ‘प्रमुख संशोधकाच्या कारकिर्दीचा गोषवारा, उल्लेखनीय यशासह’ असा रकाना आहे. दोन पानं. अहवालात जे जाईल ते जाईल. इथे खरं लिहितो.

२००१ साली मॉस्कोच्या गोल्ट्समन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तारेने एकेक फोटॉन टिपल्याचं दाखवलं तेव्हा मी पणजीत एम.एस्सी. करत होतो आणि माझ्या कानावर काही आलं नव्हतं. तो निबंध मी दोन वर्षांनी वाचला. तीन पानं. वाचून वाटलं, हे इतकं साधं आहे की चालणार नाही. तेव्हा सगळे फोटॉन टिपणाऱ्या अर्धवाहकाच्या ॲव्हलांच डायोडवर होते, मीही. त्या डायोडला एक क्लिक झाली की मागून भुतासारख्या दुसऱ्या क्लिका यायच्या. आधी अडकलेले इलेक्ट्रॉन सुटून आलेल्या. माझा सगळा पीएच.डी. त्या भुतांचा हिशोब मांडण्यात गेला. तारेला भुतं नाहीत हे कळल्यावर मी बाजू बदलली.

मग परदेशात काही वर्षं. तेव्हा कोल्ड हेड नव्हता. १०० लिटरच्या द्रवरूप हेलियमच्या टाकीत लांब काठीच्या टोकाला चिप बांधून सोडायची. सोमवारी हेलियम यायचं, गुरुवारी संपायचं. म्हणून आमचे सगळे शोध मंगळवार-बुधवारचे. २००६ साली कळलं की तारेचा वेग तिच्या निवण्याने नव्हे तर गतिज प्रेरकत्वाने अडतो, तेव्हा आमच्याकडच्या दोन वर्षांच्या नोंदी एका दुपारी समजल्या. एवढा आनंद स्वतःच्या शोधातही नाही झाला.

२००८ साली मी स्वतः ‘विक्रमी संवेदनक्षमता’ नोंदवली. तीन आठवडे. गटाच्या बैठकीत दाखवली. चौथ्या आठवड्यात एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने दारावरचा हिरवा ‘बाहेर’चा दिवा कापडाने झाकला, आणि माझा विक्रम गेला. तो काही बोलला नाही, कापड घडी करून खिशात ठेवलं. उल्लेखनीय यशाच्या रकान्यात हा दिवा मांडता आला असता तर मी तोच मांडला असता. वर्गातलं ‘क्लिकचा बाप कोण?’ हे वाक्य त्या दिवसाचं.

२०१३ साली दोन गोष्टी झाल्या. टंगस्टन सिलिसाइडच्या तारेने ९३ टक्क्यांचा आकडा गाठला. आम्ही नायोबियम नायट्राइडवाले तोवर स्फटिकांचे कण, तारेतल्या चिमट्या, कडांचा खडबडीतपणा यांच्याशी झुंजत होतो. टंगस्टन सिलिसाइडला स्फटिकच नाहीत, सगळीकडे सारखं, आणि गॅप (अतिवाहकता मोडायला लागणारी ऊर्जा) कमी म्हणून फोटॉनचा घाव खोल. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. त्याला जास्त थंडी लागते एवढंच आमचं समाधान. त्याच वर्षी चंद्राभोवती फिरणाऱ्या लॅडी यानावरून लेझरने सेकंदाला ६२२ मेगाबिट पृथ्वीवर उतरले आणि ते टिपायला खाली याच जातीच्या तारा होत्या. २०२३ च्या डिसेंबरात सायकी यानाने ३.१ कोटी किलोमीटरवरून मांजराचा व्हिडिओ पाठवला, तो पालोमारच्या दुर्बिणीमागे टिपणाऱ्याही ताराच. सत्तरीवालीला चंद्रापेक्षा मांजर आवडलं.

२०२० साली ९८ टक्के आणि वेळेचा नेमकेपणा ३ पिकोसेकंदांच्या आत. हे विक्रम खरे आहेत, आणि मला ते आता दुरूनच बघायला आवडतात. २०१४ साली वडिलांच्या आजारपणात परत आलो तो राहिलोच. त्यानंतरची कित्येक वर्षं माझ्याकडे एकही थंड तार नव्हती. फक्त गणितं होती आणि बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं. २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटींची मंजुरी मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदनाचे फोन केले, जणू पैसे माझ्या खात्यात आले. त्यातला थेंबही इथे नाही. हा प्रकल्प लहान, वेगळ्या अनुदानाचा. पण त्या बातमीनंतर ‘फोटॉन मोजून काय करणार’ हा प्रश्न लोकांनी विचारायचा सोडला, हेही नसे थोडके.

रकान्यात लिहिलं : ‘१९ निबंध, २ एकस्व (पेटंट).’

४ नोव्हेंबर

दिवाळीचे फोव (पोहे) संपले. वेळेचा नेमकेपणा मोजला : ६२ पिकोसेकंद. बहुतेक दोष ॲम्प्लिफायरच्या गोंगाटाचा. काणकोणवाला हजारो क्लिकांचे आकार घेऊन त्यातले मुख्य घटक वेगळे काढतोय. त्याला सांगितलं की या पद्धतीचं मूळ १९४३ साली दामोदर कोसंबींनी लिहिलेल्या निबंधात आहे. गोव्यात जन्मलेला माणूस. “ते इतिहासकार ना?” तेही.

२१ नोव्हेंबर

फायबरचं रीळ आलं. २५.२ किलोमीटर. फोंड्याहून पणजीच्या रस्त्यापेक्षा थोडं कमी, पण कुकरच्या झाकणाएवढ्या रिळावर गुंडाळलेलं.

लेझरचे स्पंद सेकंदाला ५,०००. प्रत्येकात सरासरी ०.१ फोटॉन, म्हणजे दहापैकी नऊ स्पंद रिकामेच निघतात. रिळात किलोमीटरला ०.२ डेसिबल जातात, एकूण ५, उरतात ३१ टक्के. त्याचे ६४ टक्के. सेकंदाला जेमतेम १०० क्लिका, आणि अंधारातल्या ७०. सत्तरीवाली म्हणाली, हे तर बुडालं. मी काही बोललो नाही, स्पंद निघाल्यावर किती वेळाने क्लिक झाली याचा आलेख जमू दिला.

दहा मिनिटांत १२३.४ मायक्रोसेकंदांवर एक सुई उभी राहिली. बाकी सपाट. अंधारातल्या ७० क्लिका अख्ख्या २०० मायक्रोसेकंदांत विखुरतात. सुईभोवतीच्या १ नॅनोसेकंदाच्या खिडकीत त्यातली एक पडायला सरासरी पाऊण तास लागतो. तिने तो भागाकार स्वतः केला, खोडला, पुन्हा केला. मग विचारलं, “म्हणजे जुलैत आपण ४,२०० ला उगाच घाबरलो?” नाही. उगाच नाही. ४,२०० असते तर हीच एक मिनिटाच्या आत पडली असती.

२५.२ किलोमीटरला १.४६८ ने (काचेत प्रकाश तितक्या पट हळू चालतो) गुणून प्रकाशाच्या वेगाने भागलं : १२३.४. रिळावरचा छापील आकडा खरा आहे.

३ डिसेंबर

रात्रभर मोजणी लावून ठेवली होती. सकाळी सुई पसरट. तासातासाचे आलेख वेगळे काढले तर सुई पसरलेली नाही, चालली आहे. रात्री अकराला एका जागी, पहाटे पाचला ३.६ नॅनोसेकंद उशिरा. डिटेक्टरच्या जिटरच्या (त्या ६२ पिकोसेकंदांच्या) साठपट.

काणकोणवाल्याने लेझरवर संशय घेतला, मी घड्याळावर. दोघंही चूक. सत्तरीवालीने यूपीएसची नोंद काढली : १०.५२ ला करंट गेला, १०.५४ ला आला. यूपीएसने कॉम्प्रेसर सांभाळला. एसी यूपीएसवर नाही आणि करंट आल्यावर आपोआप चालू होत नाही. बंद खोलीत कॉम्प्रेसरची ऊब. २२ अंशांवरून पहाटेपर्यंत २६ च्या जवळ. फायबर तापलं की त्यातली वाट किंचित वाढते, किलोमीटरला अंशामागे ४० पिकोसेकंदांच्या आत-बाहेर. २५ किलोमीटरला अंशामागे १ नॅनोसेकंद.

तिने खोलीच्या तापमापकाची नोंद आणि सुईची जागा एकावर एक ठेवली. सुई तापमापकापेक्षा तासभर मागे, कारण रीळ जाड. आकार तोच. “बाप सापडला,” ती म्हणाली आणि रीळ उचलून दाराबाहेर गेली.

५ डिसेंबर

रीळ आता थर्माकोलच्या डब्यात. डबा फोंड्याच्या मासळीबाजारातला, फुकट मिळाला. सत्तरीवालीने तीनदा साबणाने धुतला आणि उन्हात ठेवला. काल रात्री एसी मुद्दाम बंद ठेवला : सुई ०.४ नॅनोसेकंद हलली. खोलीत बांगड्याचा वास आहे. उद्या काणकोणवाला दुसरा डबा आणणार आहे, पहिल्याच्या आत बसेल असा.